ना. धों. महानोर यांचे स्मरण: खान्देशातील वाचक, शाळा आणि वाचनालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवी आणि गीतकार ना. धों. महानोर यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांची गाणी तापी आणि गिरणेच्या खोऱ्यात घराघरांत ऐकली जातात. मात्र गाणे पाठ असणाऱ्या पुष्कळांना ते कोणी लिहिले, कोणत्या भूमीतून आले आणि त्याच माणसाने आणखी काय लिहिले, हे सांगता येत नाही. गावात, शाळेत किंवा वाचनालयात त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्यांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आठ-दहा लोकप्रिय गाणी वाजवून महानोरांचे स्मरण पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे. गीतकार, कवी आणि शेतकरी हे तिघे एकाच माणसात राहत होते आणि कार्यक्रमात तिघांनाही जागा मिळायला हवी.

ना. धों. म्हणजे काय, आणि त्यांचा जन्म कधी झाला?

नामदेव धोंडो महानोर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी पळसखेडे येथे झाला. हे गाव सोयगाव तालुक्यात, पूर्वीच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येते.

मग ते खान्देशचे की मराठवाड्याचे?

हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात उपस्थित होतो आणि त्यावरून थोडी ओढाताणही होते. सरकारी नकाशानुसार पळसखेडे मराठवाड्यात आहे. महानोरांचा जन्म झाला तेव्हा तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचा शेंदुर्णी-पाचोऱ्याचा मुलूख इंग्रजी अमलाखालच्या पूर्व खान्देशात होता. म्हणजे दोन राज्यांची सीमा अगदी दाराशी होती. तरीही सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर अंगाला, घाटाखाली पसरलेला आहे. तिथले पाणी तापीकडे वाहते आणि तिथली माणसे बाजारहाट, शिक्षण, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी जामनेर, पाचोरा, जळगाव याच बाजूला येत राहिली आहेत. महानोरांचे शालेय शिक्षण जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीत झाले. पुढे जळगावच्या महाविद्यालयात त्यांनी नाव घातले, पण ते शिक्षण अर्ध्यावर सोडून ते शेतीकडे परतले.

त्यामुळे खान्देशाने त्यांना आपले मानावे यात काहीच वावगे नाही. मात्र निमंत्रणपत्रिकेवर किंवा फलकावर ‘जळगाव जिल्ह्यातील पळसखेडे’ असे छापू नये. ती चूक बऱ्याचदा होते आणि त्यामुळे सीमेवरच्या त्या गावाचा खरा इतिहासच पुसला जातो. ‘अजिंठ्याच्या पायथ्याचे पळसखेडे, तालुका सोयगाव’ असे लिहिले की ते अचूकही होते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो परिसरही उभा राहतो.

ते चित्रपटगीतांकडे कसे वळले?

आधी कविता आली आणि गाणे त्यानंतर. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा ते पंचविशीत होते. त्या काळची मराठी नवकविता बव्हंशी शहरातली, एकाकी माणसाची आणि गद्याकडे झुकलेली होती. अशा वेळी एका तरुण शेतकऱ्याने पीक, पाखरे, पाऊस आणि स्त्रीपुरुषांची ओढ यांची लयबद्ध कविता लिहिली आणि जाणकारांचे लक्ष पळसखेड्याकडे गेले. १९७० साली ‘वही’ आला.

जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून ‘जैत रे जैत’ हा चित्रपट केला, तो १९७७ साली आला. ठाकर समाजातला ढोलिया नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी यांची ही कथा गाण्यांमधूनच पुढे सरकते, त्यामुळे संवादांइतकाच भार गीतकारावर होता. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे होते. ‘मी रात टाकली’ लता मंगेशकरांच्या आवाजात आणि ‘नभ उतरू आलं’ आशा भोसले यांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोचले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे एक गोष्ट खान्देशातल्या श्रोत्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मंगेशकर भावंडांचे आजोळ शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे थाळनेर. त्या गाण्यांचे शब्द अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कवीचे आणि चाल थाळनेरच्या नातवाची, असा तो योग होता.

त्यांनी आणखी कोणत्या चित्रपटांसाठी लिहिले?

राजदत्त दिग्दर्शित ‘सर्जा’ १९८७ साली आला. त्यातले ‘चिंब पावसानं रान झालं आबादानी’ हे गाणे आजही पहिल्या पावसाला हमखास लावले जाते. १९९२ सालच्या ‘एक होता विदूषक’ या चित्रपटाची पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे आणि संगीत आनंद मोडक यांचे होते. तमाशाच्या फडावरची ही कथा असल्यामुळे महानोरांनी तिच्यासाठी लावण्या लिहिल्या. त्या चित्रपटातल्या नृत्यांसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. लावणीतले शब्द नाचणारीच्या पायात आणि डोळ्यांत उतरावे लागतात, हे लक्षात घेतले तर हा मान काही अंशी शब्दांकडेही जातो, असे मला वाटते.

त्यानंतर ‘मुक्ता’ आणि ‘दोघी’ हे चित्रपट आले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ मधल्या ‘भुई भेगाळली खोल’ या गाण्यासाठी अंजली मराठे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२ साली महानोरांच्याच ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी चित्रपट केला, त्याचे संगीत कौशल इनामदार यांचे होते. गाण्यांच्या संख्येने पाहिले तर महानोरांहून कितीतरी अधिक लिहिणारे गीतकार मराठीत झाले. त्यांनी मोजकेच चित्रपट घेतले आणि ज्यांत माती, रान किंवा लोककला होती त्यांकडे त्यांचा ओढा राहिला.

त्यांची कविता आणि त्यांचे चित्रपटगीत यांत फरक आहे का?

फरक आहे, पण तो आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे. गाणे प्रसंगासाठी लिहिले जाते, त्याला पात्र असते आणि चालीचे माप असते. कवितेला हे बंधन नसते. महानोरांच्या बाबतीत मात्र दोहोंचे उगमस्थान एकच, ते म्हणजे बायकांची गाणी. गावातल्या स्त्रिया दळताना, निंदणी करताना, सणावाराला जी गाणी म्हणत ती त्यांनी गोळा केली आणि ‘पळसखेडची गाणी’ या पुस्तकात छापली. त्या गाण्यांची चाल त्यांच्या कानात बसलेली होती.

‘नभ उतरू आलं’ या गाण्याचे धृपद लक्ष देऊन ऐकावे. पहिले तीन तुकडे छोटे आहेत आणि तिन्ही एकाच ध्वनीवर येऊन थांबतात. चौथा तुकडा त्या यमकात अडकत नाही, मोकळा सुटतो. तीन चरणांना यमक आणि चौथा सुटा, ही ओवीची जुनी घडण आहे. संगीतकाराने त्या चौथ्या तुकड्यावर सूर सैल सोडला आहे, म्हणून ऐकणाऱ्याला तिथे अंगावरून सर गेल्यासारखे वाटते. चाल कितीही सुंदर असली तरी शब्दांतच ती जागा तयार नसती तर सूर तिथे थांबला नसता. कार्यक्रमात हे गाणे म्हणण्याआधी कोणीतरी धृपदाच्या ओळी चालीशिवाय, सावकाश वाचून दाखवाव्यात. ही घडण श्रोत्यांच्या आपोआप लक्षात येते आणि नंतरचे गाणे ते वेगळ्या कानांनी ऐकतात.

त्यांनी अहिराणीत गाणी लिहिली का?

महानोरांची भाषा म्हणजे अहिराणी नव्हे, तरी अनेकांचा तसा समज असतो. अहिराणी ही प्रामुख्याने धुळे, नंदुरबार, गिरणाकाठ आणि बागलाण या पट्ट्यातली बोली आहे. जामनेर, भुसावळ, यावल, रावेर या भागांत तावडी आणि लेवा गणबोली ऐकू येतात. महानोरांनी प्रमाण मराठीच्या चौकटीत ग्रामीण उच्चार, शेतीतले शब्द आणि लोकगीतांची क्रियापदे आणली. सीमेवरच्या गावात दोन्हीकडची बोली कानावर पडते, तिचा रंग त्यांच्या लेखनात आहे. ‘जैत रे जैत’ मधली माणसे तर सह्याद्रीतल्या ठाकर समाजाची होती, तेव्हा तिथली भाषा त्या पात्रांना साजेशी ठेवली आहे. अहिराणी गीतांचा कार्यक्रम करायचा असेल तर तो स्वतंत्रपणे जरूर करावा, महानोरांच्या नावाखाली करू नये.

त्यांना ‘रानकवी’ म्हणतात. ते केवळ निसर्गाचे कवी होते का?

ही उपाधी प्रेमाने दिली गेली आहे आणि ती त्यांना शोभते. पण तिच्यामुळे त्यांच्या लेखनाचा अर्धा भाग झाकला जातो, असे म्हणणे भाग आहे. रान हे त्यांच्यासाठी सहलीला जाऊन पाहायचे दृश्य नव्हते. त्यात पेरलेले बियाणे, काढलेले कर्ज आणि घरच्यांचे राबणे होते. पाऊस वेळेवर आला तर कविता बहरते आणि तो फिरकला नाही तर तीच कविता कोरडी पडते, हे दोन्ही त्यांच्या संग्रहांत आहे.

मृगाच्या तोंडावर कापसाची धूळपेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसणारा शेतकरी खान्देशात दर वर्षी दिसतो. जमीन कोरडी असताना सरकी टोबायची, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर कोंब वर येतो आणि पिकाला आठ-पंधरा दिवसांचा फायदा मिळतो. पाऊस मात्र लांबला, किंवा शिंतडून गेला, तर बियाणे जागीच कुजते आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहते. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच निघाली, की गावातले बोलणे कमी होते. ‘या नभाने या भुईला दान द्यावे’ ही त्यांची कविता त्या शांततेत उभे राहून वाचावी. शहरातल्या वाचकाला ती प्रसन्न प्रार्थना वाटते. पेरणी करून बसलेल्या माणसाला ती अगदी नेमकी मागणी वाटते.

‘पानझड’ या संग्रहात सूर बदललेला आहे. तिथे रानाची ओहोटी आहे, वय आहे, उजाडपण आहे. याच संग्रहाला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘तिची कहाणी’ या पुस्तकात त्यांनी स्त्रियांच्या वाट्याला आलेले भोग कवितेत आणले. ‘भुई भेगाळली खोल’ हे गाणे या बाजूने ऐकले तर ते चित्रपटातल्या एका प्रसंगापुरते राहत नाही.

शेतकरी म्हणून आणि विधान परिषदेत त्यांनी काय केले?

त्यांनी आयुष्यभर पळसखेड्यात शेती केली. नाव झाल्यावर मुंबई-पुण्यात स्थायिक होण्याची वाट मोकळी होती, तरीही त्यांनी गाव सोडले नाही. कोरडवाहू जमिनीत बांधबंदिस्ती करणे, पाणी अडवणे, फळबाग उभी करणे ही कामे त्यांनी स्वतःच्या रानात केली. राज्य शासनाने त्यांना कृषिभूषण म्हणून गौरवले.

१९७८ साली राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून ते विधान परिषदेवर गेले आणि पुढे दुसऱ्यांदाही त्यांची नियुक्ती झाली. साहित्य, कला या क्षेत्रांतून आलेल्या सदस्याने आपल्या क्षेत्रापुरते बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. महानोर तिथे पाणी, कोरडवाहू शेती, फळबागा आणि गावातल्या माणसाच्या रोजगारावर बोलले. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेची सांगड फळबाग लागवडीशी घातली. शेतीप्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी त्या काळात बदलत होती आणि ती बदलावी म्हणून बोलणाऱ्यांत ते होते. कार्यक्रमात या भागासाठी एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला बोलवावे, असे मी सुचवीन. साहित्याचे प्राध्यापक कवितेवर उत्तम बोलतात, परंतु नाल्यावरच्या बांधाने विहिरीचे पाणी कसे वाढते, हे रानात राबणाऱ्यानेच सांगितलेले बरे.

कार्यक्रमासाठी कोणता दिवस निवडावा?

३ ऑगस्ट हा स्मृतिदिन आणि १६ सप्टेंबर हा जन्मदिन, असे दोन दिवस आहेत. ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे पुष्य संपून आश्लेषा लागण्याचे दिवस. निंदणी, कोळपणी आणि खताचा हात सुरू असतो, त्यामुळे दिवसा गावात माणूस सापडत नाही. शिवाय श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई ही देवी घरोघर बसते. काही वर्षी ती याच सुमारास येते आणि त्या दिवसांत घरोघर रोटांच्या नैवेद्याची धामधूम असते. ग्रामीण भागात ऑगस्टचा कार्यक्रम ठेवायचा असल्यास तो रात्री जेवणानंतर ठेवावा आणि आधी पंचांग पाहावे.

सप्टेंबरच्या मध्यात उडीद-मूग घरात आलेले असतात, कापसाची वेचणी अजून सुरू झालेली नसते आणि शाळा पूर्ण भरात असतात. गावासाठी हा दिवस अधिक सोयीचा आहे. गणेशोत्सव त्याच काळात असेल तर मंडळाच्या मांडवाचाही उपयोग होतो.

दोन तासांचा कार्यक्रम कसा रचावा?

सुरुवात गाण्याने करू नये. ‘या नभाने या भुईला दान द्यावे’ या कवितेच्या वाचनाने करावी, म्हणजे श्रोते शब्दांकडे वळतात. त्यानंतर ‘जैत रे जैत’ मधली दोन-तीन गाणी सलग घ्यावीत. ती लोकांना पाठ असतात आणि सभागृह आपोआप सोबत म्हणू लागते. मग वेग कमी करून ‘अजिंठा’ मधला एखादा भाग दोन आवाजांत वाचावा. त्यानंतर लावणी घ्यावी. लावणी म्हणणारी चांगली नसेल तर ती वगळावी, कारण नुसत्या हावभावांवर निभावलेल्या लावणीत महानोरांच्या शब्दांची नजाकत हरवते.

शेवटच्या भागात ‘भुई भेगाळली खोल’ आणि लगेच त्यापाठोपाठ ‘चिंब पावसानं रान झालं आबादानी’ ही दोन गाणी घ्यावीत. मध्ये निवेदन नको. दुष्काळातून पावसात येण्याचा हा प्रवास शब्दांनीच घडू द्यावा.

वाद्यांविषयी एक आग्रहाची विनंती. मोबाइलवरच्या तयार ट्रॅकवर गाणे म्हणण्याची पद्धत आता सर्वत्र पडली आहे. ट्रॅकची लय ठरलेली असते, गायक तिच्यामागे धावतो आणि शब्द चावले जातात. पेटी, तबला किंवा ढोलकी आणि एक झांजवाला एवढ्यावर ही गाणी उत्तम उभी राहतात. गावातल्या भजनी मंडळाकडे हे सर्व असते आणि त्यांच्या पट्टीत ही गाणी बसतातही. प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार आणि मूळ गायक या तिघांचीही नावे उच्चारावीत. निवेदनात केवळ गायकाचे नाव घेण्याची सवय इतकी रुळली आहे की गीतकाराच्या स्मरणाच्या कार्यक्रमातही गीतकाराचे नाव राहून जाते, आणि हे मन दुखावणारे आहे.

गाणी आणि कविता सादर करायला परवानगी लागते का?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. महानोरांच्या बाबतीत तो २०८३ अखेरपर्यंत आहे. तथापि कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थी आणि शिक्षक यांनी संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित अशा श्रोत्यांपुरते केलेले सादरीकरण हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही सवलत आहे. प्रकाशित पुस्तकातील वाजवी उतारा सभेत वाचता येतो.

तिकीट लावलेला किंवा व्यावसायिक कलावंतांचा कार्यक्रम असेल तर गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेकडून परवाना घ्यावा. चित्रफीत करून ती समाजमाध्यमांवर टाकणे, संपूर्ण कविता पत्रिकेत छापणे किंवा कवितांची पुस्तिका काढणे ही वेगळी बाब आहे. त्यासाठी प्रकाशक आणि वारसांची लेखी संमती हवी. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या मानधनात गीतकाराचा वाटा कायद्याने पक्का केला. वर्षानुवर्षे गीतकार एकरकमी पैशांवर गाणे देऊन मोकळे होत, हे आठवले तर परवान्याची रक्कम जाचक वाटणार नाही.

बहिणाबाई आणि बालकवी यांच्यासोबत एकत्र कार्यक्रम करावा का?

करता येतो आणि रंगतोही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१), धरणगावचे बालकवी (१८९०–१९१८) आणि महानोर अशी मांडणी केली तर शंभराहून अधिक वर्षांचा पट समोर येतो. बहिणाबाई वारल्या तेव्हा महानोर नऊ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. तिघांचेही विषय माती, पाखरे, झरे आणि पीक असले तरी तिघांची दृष्टी निराळी आहे. बहिणाबाई अनुभवातून जीवनाचा विचार सांगतात, बालकवी निसर्गात स्वतःला विसरतात, आणि महानोरांच्या रानात देहाची, प्रीतीची ऊब असते. निवेदनात हा फरक स्पष्ट करावा. ‘खान्देशची माती’ या एका शब्दसमूहाखाली तिघांना कोंबू नये.

शाळेतल्या मुलांकडून काय करून घ्यावे?

पाठांतर करून घ्यावे. दोन छोट्या कविता पुरेत, पण शब्द आणि उच्चार निर्दोष हवेत. मोठ्या मुलांनी कवितेत आलेली झाडे, पाखरे, पिके आपल्या शिवारात शोधून त्यांची नोंद करावी. प्रीतीच्या कविता नववी-दहावीच्या पुढच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात.

पळसखेडे आणि अजिंठ्याला जाता येईल का?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पहूर लागते. तिथून शेंदुर्णीकडे वळले की पळसखेड्याचा परिसर जवळ येतो. ते नांदते गाव आहे आणि महानोरांचे घर हे त्यांच्या कुटुंबाचे खासगी घर आहे, म्हणून शाळेची बस घेऊन पूर्वकल्पना न देता जाऊ नये.

सहल काढायची असेल तर ती ‘अजिंठा’ काव्याच्या वाटेने काढावी. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. तिथे त्याचे आणि पारो या स्थानिक तरुणीचे प्रेम जुळले, आणि हेच महानोरांच्या काव्याचे सूत्र आहे. पारो १८५६ साली वारली, तिची समाधी अजिंठा गावात आहे. गिल १८७९ साली वारला आणि त्याला भुसावळला पुरले. भुसावळच्या मुलांना आपल्याच शहरात त्या कथेतल्या नायकाची कबर आहे हे कळते तेव्हा ती कविता त्यांना एकदम जवळची वाटते. लेणी सोमवारी बंद असतात.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

१९९१ साली पद्मश्री, २००० साली साहित्य अकादमी आणि २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार, हे प्रमुख होत.

कार्यक्रमाशिवाय कायम टिकेल असे काही करता येईल का?

सर्वांत सयुक्तिक काम म्हणजे त्यांनी पळसखेड्यात जे केले तेच आपल्या गावात करणे, म्हणजेच गावातल्या स्त्रियांची गाणी उतरवून घेणे. कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली हळदीची आणि तेलवणीची गाणी म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, पण त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे आता कोणालाही जमते. अडचण असते ती गाणे उतरवण्याची. बोलीतले रूप ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो आणि गाणे मरते. बाई जसे म्हणाली तसेच लिहावे, अर्थ न कळलेला शब्द तिलाच विचारावा आणि समासात नोंदवावा. गाणे कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात, कोणत्या महिन्यात म्हणतात, ती कोणाकडून शिकली, तिचे माहेर कोणते, हेही सोबत लिहावे, कारण गाणी माहेराहून सासरी प्रवास करत आलेली असतात. गाणे नोंदवण्यापूर्वी आणि छापण्यापूर्वी त्या बाईची संमती घ्यावी. लिहून झालेली वही वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत चढवून इतर पुस्तकांसोबत कपाटात ठेवावी आणि तिची एक प्रत त्या बाईच्या घरी द्यावी.